परळच्या पायऱ्या

परळला बाहेरून येणारा माणूस बहुधा दोन कामांपैकी एकासाठी येतो. एक तर जुन्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत त्याची नोकरी असते, नाहीतर घरात कुणीतरी आजारी असतं. नोकरीवाला प्रभादेवी स्टेशनातून उतरून झपाझप पश्चिमेला निघून जातो. आजाऱ्याला घेऊन आलेला पूर्वेकडे वळतो. तिकडे आचार्य दोंदे मार्गावर केईएम रुग्णालय आहे, वाडियांची दोन रुग्णालयं आहेत, एक बाळंतपणाचं आणि एक लहान मुलांचं, आणि पलीकडे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर कॅन्सरचं टाटा रुग्णालय. केईएम 1926 साली सुरू झालं, टाटा 1941 साली. त्या काळी भोवताली चाळी होत्या आणि केईएमचा बराचसा रुग्ण चालत येण्याच्या अंतरावर राहत होता. आज तो डोंबिवलीहून येतो, विरारहून येतो, सोलापूर-जळगावहून रात्रीची गाडी पकडून दादरला उतरतो, बिहार-बंगालमधून दोन दिवसांचा प्रवास करून येतो. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइल, काखेत एक्स-रेचा मोठा लिफाफा, आणि तिसरं म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय ते माणूस.

रोज इतकी अशक्त, दमलेली, सुजल्या पायांची माणसं एका किलोमीटरच्या परिसरात येतात, अशा जागा देशात फार नसतील. आणि इथे पोचायचं तर मुंबईतल्या सगळ्या प्रकारच्या पायऱ्या चढाव्या लागतात. लोकलच्या, ब्रिजच्या, फूटपाथच्या, बसच्या. शहराच्या वाहतुकीबद्दल आपण बोलतो तेव्हा किलोमीटर आणि मिनिटं मोजतो. अमुक पूल झाला, वीस मिनिटं वाचली. मी परळमध्ये हिंडताना दुसरंच माप घेऊन हिंडलो. पायरी किती उंच आहे आणि ती कुणाच्या अखत्यारीत येते, एवढंच बघायचं ठरवलं.

इथली रचना आधी सांगायला हवी. मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी ही दोन स्टेशनं शेजारी शेजारी, समांतर आहेत. मधून पादचारी पूल जातात. प्रभादेवीचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं तेव्हा, 2017 सालच्या 29 सप्टेंबरला, सकाळी जोराचा पाऊस आला, पुलावरच्या माणसांनी खाली उतरायचं थांबवलं, मागून गाड्यांची गर्दी येत राहिली आणि त्या अरुंद जिन्यावर 23 माणसं चेंगरून मेली. पुढच्या फेब्रुवारीत लष्कराने नवा पूल बांधून दिला. त्यानंतर मुंबईभर पुलांची पाहणी झाली, जिने रुंद झाले, बरेच नवे पूल आले. 2019 च्या मार्चमध्ये परळहून सुटणाऱ्या लोकल सुरू झाल्या. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण त्या दुर्घटनेतून रेल्वे आणि आपण जे शिकलो ते जिन्याच्या रुंदीबद्दल शिकलो. उंचीबद्दल फारसं कुणी काही विचारलं नाही, कारण उंचीमुळे होणारं नुकसान एका दिवसात, एका जागी होत नाही. एखादी बाई जिना बघून ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणते आणि तपासणी चुकवते. त्याची बातमी कोण देणार?

जिना आजारी माणूस कसा चढतो हे एकदा थांबून बघण्यासारखं आहे. दुपारच्या वेळी, गर्दी जरा विरळ असताना, मी एका मधल्या टप्प्यावर उभा होतो. साताऱ्याकडचं बोलणं असलेलं एक जोडपं वर येत होतं. गृहस्थांच्या तोंडावर मास्क, डोक्यावर कानटोपी, दिवस ऑक्टोबरचे असूनही. चांगला पाय आधी वर, मग दुसरा त्याच्याशेजारी, मग श्वास. डावा हात कठड्यावर. कठडा होता चौकोनी जाड पाइपचा, म्हणजे मूठ मिटत नाही, तळवा नुसता टेकतो. शिवाय तो शेवटच्या दोन पायऱ्यांच्या अलीकडेच संपत होता. नेमकी तिथे बाईंनी फाइलची पिशवी दातात धरली आणि दोन्ही हातांनी त्यांना वर घेतलं. वरून एक तरुण मुलगा मोबाइलमध्ये बघत कठड्याच्याच बाजूने उतरत आला. ‘बाळा, जरा तिकडनं जा की,’ त्या म्हणाल्या. तो बिचारा ओशाळला, बाजूला झाला, खाली जाऊन परत वर आला आणि पिशवी त्यांच्या हातातून घेऊन ब्रिजच्या टोकापर्यंत गेला. मुंबईची माणसं चांगलीच आहेत. कठडा दोन हात पुढे नेला असता तर मात्र त्यांच्या चांगुलपणाची गरज पडली नसती.

सरकते जिने आहेत, लिफ्ट आहेत, दहा वर्षांपूर्वीच्या मानाने बऱ्याच आहेत. पण सरकता जिना बहुतेक ठिकाणी वर जाणारा असतो. वर चढवलं की आपलं काम झालं असा कुणाचा तरी समज दिसतो. गुडघे गेलेल्या कुणालाही विचारा, चढण्यापेक्षा उतरताना जास्त ठणकतं. लिफ्टची गोष्ट वेगळी. ती असते फलाटाच्या एका टोकाला आणि आपण उतरतो दुसऱ्या टोकाला. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास लांब असते. केमोथेरपी घेऊन आलेल्या माणसाला फलाटावरचे अडीचशे मीटर म्हणजे काय, हे रोज चालणाऱ्याच्या लक्षात येणार नाही.

लोकलच्या दारातली पायरी ही मुंबईची सर्वात बदनाम पायरी. फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून मोजतात. जुने फलाट 760 ते 840 मिलिमीटरच्या बेतात होते आणि डब्याचा तळ त्याहून चांगलाच वर. 2014 च्या जानेवारीत घाटकोपरला एक मुलगी गाडी आणि फलाटामधल्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्यानंतर उच्च न्यायालयाने रेल्वेला फैलावर घेतलं आणि फलाट 900 ते 920 मिलिमीटरपर्यंत उचलायचं काम वेगाने सुरू झालं. रेल्वे अपघातात स्वतःचे पाय गमावलेले समीर झवेरी यांच्यासारखे कार्यकर्ते न्यायालयात आणि माहितीच्या अधिकारात हा विषय वर्षानुवर्षं लावून धरत आले, म्हणून तरी एवढं झालं.

पण फलाट एकदा उचलला की विषय संपला, असं नसतं. रुळाखालची खडी गाड्यांच्या भाराने दबते, मग यंत्राने ती ठोकून, नवी घालून रूळ पुन्हा वर आणतात. पावसाळ्यात पाणी तुंबतं त्या भागात तर रूळ मुद्दाम उचलतात. प्रत्येक वेळी रूळ थोडे वर येतात आणि फलाट आहे तिथेच राहतो, म्हणजे तेवढाच खाली गेला. ट्रॅकवाला विभाग आपलं काम चोख करतो आणि त्या चोख कामामुळेच प्रवाशाची पायरी वाढते. फलाट वळणावर असेल तर फट आणखी रुंद. गाडी थांबते वीस-तीस सेकंद. त्यात उतरणारे आधी उतरणार, मग चढणारे चढणार, ही आपली रीत. तीही नेहमी पाळली जात नाही.

दिव्यांगांचा डबा ही मुंबई लोकलची जमेची बाजू. त्यात कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर बायकाही बसू शकतात, हे बाहेरगावच्या कित्येकांना ठाऊकच नसतं. डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर बीप-बीप वाजणारं यंत्र बसवलेलं असतं, दृष्टिहीन प्रवाशाला जागा कळावी म्हणून. कल्पना उत्तम. आवाज ऐकत उभं राहायचं, गाडी लागली की समोर दार. पण वर पत्र्याचं छप्पर, शेजारून जाणारी जलद गाडी, कानठळ्या बसवणाऱ्या घोषणा, यात तो बीप कितीदा ऐकू येतो ते तिथे डोळे मिटून उभं राहिल्यावर कळतं. आणि गर्दीच्या वेळी त्या डब्यात धडधाकट माणसं बसलेली असतात, हे काही गुपित नाही. ज्येष्ठांसाठी लगेजच्या डब्यांपैकी एकाचं रूपांतर करायचं काम उच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर 2025 मध्ये मध्य रेल्वेवर सुरू झालं, ते बरंच झालं. चढायची पायरी मात्र त्याही डब्याला तेवढीच.

सवलतींच्या बाबतीत आपण उदार आहोत. कॅन्सरच्या रुग्णाला लांबच्या रेल्वेत स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ. एसटीत पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, बायकांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट. मी या सवलतींच्या विरोधात अजिबात नाही, त्यांच्यामुळे गावोगावच्या बाया घराबाहेर पडल्या आहेत. पण तिकिटाचा पैसा माफ करायला एक आदेश पुरतो. एसटीच्या दाराची पहिली पायरी खाली आणायची तर गाडीची बांधणीच बदलावी लागते, आणि तिथे उदारपणा थांबतो.

बसच्या बांधणीचं गणित सोपं आहे. चाकाच्या खुर्चीला सुखाने चढता येईल असा उतार एकास बारा धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. साध्या बसचा तळ जमिनीपासून साधारण 900 मिलिमीटरवर असतो. त्याला उतार करायचा तर जवळपास अकरा मीटरचा होईल, म्हणजे बसच्याच लांबीचा. म्हणून लो-फ्लोअर बस हवी, जिचा तळ 400 मिलिमीटरवर असतो. 2008 च्या सुमारास केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून अशा गाड्या देशभरच्या शहरांत आल्या. ही बस थांब्यावर एका कुशीवर थोडी झुकू शकते, दारातली पाटी उलगडून फूटपाथवर टेकवायची, झालं. फूटपाथ जर नियमाप्रमाणे 150 मिलिमीटर उंच असेल आणि बस त्याला चिकटून उभी राहिली, तर चढ उरतो वीतभराचा. मागून कुणी हात लावला की खुर्ची आत.

आता ही बस परळमध्ये आणून उभी करू. थांब्यासमोर दोन टॅक्स्या, एक टेम्पो, औषधाच्या दुकानात गेलेल्याची मोटारसायकल. ड्रायव्हर बस रस्त्याच्या मधोमध थांबवतो, दुसरं करणार काय? प्रवासी फूटपाथवरून रस्त्यावर उतरतात आणि रस्त्यावरून बसमध्ये चढतात. मीटरभराची पाटी रस्त्यावर टेकवली तर ती घसरगुंडी होते. म्हणजे परदेशी धाटणीची, महागडी, कायद्याला धरून घेतलेली बस एका उभ्या टेम्पोमुळे जुन्या लाल डब्याइतकीच निरुपयोगी झाली. बस बेस्टची, थांब्यापुढची जागा पालिकेची, टेम्पो उचलायचं काम वाहतूक पोलिसांचं. तिघांपैकी कुणाच्याही दप्तरात ‘आज एक खुर्ची चढू शकली नाही’ अशी नोंद होत नाही. वर पुन्हा ऐकवतात की खुर्चीवाले प्रवासी येतच नाहीत, मागणीच नाही. खुर्चीतून चढताच येत नसेल तर ते थांब्यावर येऊन करतील काय?

चेन्नईत हाच वाद अनेक वर्षं कोर्टात चालला आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये तिथे नव्या लो-फ्लोअर बस रस्त्यावर आल्या. रस्ते त्या बसना चालणार नाहीत, पाणी भरेल, तळ घासेल, ही कारणं तिथेही सांगून झाली होती. रस्ता खराब म्हणून बस उंच ठेवायची, हा विचार मला कधी पटला नाही.

फूटपाथचं तर बोलायलाच नको, पण बोलावं लागेल. मोटारसायकलींनी फूटपाथवर चढू नये म्हणून पालिकेने मुंबईत ठिकठिकाणी स्टीलचे खांब रोवले, इतके जवळ जवळ की व्हीलचेअरही आत जाईना. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराने पाठवलेल्या ई-मेलची दखल घेऊन 2023 मध्ये उच्च न्यायालयाने हे प्रकरण स्वतःहून हाती घेतलं, तेव्हा कुठे खांबांच्या मापाचा विचार सुरू झाला. पिवळ्या उंचवट्याच्या लाद्यांचीही तीच तऱ्हा. सेइची मियाके या जपानी गृहस्थाने 1965 मध्ये त्या शोधल्या, 1967 मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसल्या. लांबट रेघा म्हणजे पुढे चला, गोल टिपके म्हणजे थांबा. आपल्याकडे त्या फूटपाथच्या सजावटीसारख्या बसवलेल्या दिसतात. रेघा सरळ विजेच्या खांबावर जाऊन थडकतात आणि टिपके कुठेच नसतात. मेट्रो स्टेशनांच्या आत हेच काम नेटकं दिसतं. फलाट आणि डबा एका पातळीत, लिफ्ट चालू, लाद्या जागच्या जागी. म्हणजे येत नाही असं नाही. मेट्रोच्या दाराबाहेर चार पावलं टाकली की मात्र अखत्यार बदलतो आणि लाद्याही संपतात.

टाटाच्या परिसरात जेरबाई वाडिया रस्त्याच्या कडेला फूटपाथवर रुग्णांची बिऱ्हाडं असतात. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो अधूनमधून येतात, आपण हळहळतो, गरिबीबद्दल बोलतो. गरिबी आहेच. पण हा मुक्काम काही अंशी वाहतुकीचाही आहे. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस असतात आणि काही आठवडे चालतात. नातेवाईक कल्याणला असला, त्याची खोली असली, तरी रोज जाऊन येऊन ते करायचं म्हणजे जलद गाडीने दादर, दादरचा ब्रिज, पुन्हा धिम्या गाडीत चढणं, परळचा ब्रिज, फूटपाथ, आणि संध्याकाळी हेच उलट्या क्रमाने. रिक्षा करावी तर त्या इकडे येतच नाहीत, सायन-माहीमच्या पलीकडे थांबतात. काळी-पिवळीचं किमान भाडं 31 रुपये आणि जवळचं भाडं म्हटलं की चालकाची मान आडवी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. नाहीतर माणूस हिशेब करतो आणि दवाखान्याच्या भिंतीला लागून ताडपत्री बांधतो. त्याच्यामुळे फूटपाथ अडतो आणि दुसऱ्या रुग्णाला रस्त्यावरून चालावं लागतं. यात दोष कुणाला द्यायचा ते मला तरी सुचत नाही, निदान ताडपत्रीवाल्याला तर नाहीच.

त्यात 2025 च्या 12 सप्टेंबरला एल्फिन्स्टनचा शंभरी ओलांडलेला रस्त्याचा पूल पाडण्यासाठी बंद झाला. जागेवर दुमजली पूल येणार आहे. वरून शिवडी-वरळी जोडरस्त्याची, म्हणजे अटल सेतूकडे जाणारी वाहनं. खालून परळ-प्रभादेवीची स्थानिक वाहतूक. पूल जुना झाला होता, जाणारच होता. वाहनांना कुठून वळवायचं याचे तक्ते आधीच छापून आले. टिळक पूल, करी रोड, चिंचपोकळी. रहिवाशांनी घरांसाठी आंदोलनं केली, तीही बातम्यांत आली. माझ्या डोक्यात वेगळंच आलं. त्या जुन्या पुलाला चढ होता, उतार होता, पायऱ्या नव्हत्या. पश्चिमेच्या बाजूला उतरलेला माणूस चाकाची खुर्ची ढकलत, हळूहळू का होईना, एकही पायरी न चढता केईएमच्या बाजूला जाऊ शकत होता. खुर्ची सोडा, नऊ महिन्यांची गरोदर बाई, कडेवर मूल घेऊन वाडियाला निघालेली आई, हातगाडीवाला, सगळे त्या उताराचे गिऱ्हाईक. तो गेल्यावर रूळ ओलांडायला उरले रेल्वेचे जिने, आणि चालू असेल तेव्हा लिफ्ट. वाहतुकीच्या आराखड्यात गाडीला पर्यायी मार्ग असतो, कारण गाडीचा प्रवास हा प्रवास म्हणून धरलेला असतो. उताराला पर्याय द्यायचा असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं.

कायदा काय म्हणतो? कायदा छानच म्हणतो. 1995 चा होता, मग 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्याच्या नियमांना 2017 साली मुहूर्त लागला आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या असं ठरलं. ती पाच वर्षं 2022 मध्ये संपली. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात 2005 पासून चालू होतं. 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात न्यायालयाने सुगमतेच्या मानकांचा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा ‘करावंच लागेल’ म्हणतो आणि नियमाखालची सगळी मार्गदर्शक तत्त्वं ‘केलं तर बरं’ या सुरात लिहिलेली. बंधनकारक मानकं तीन महिन्यांत करा, असा आदेश सरकारला झाला. निकाल मोठा आहे. परळच्या पायरीपर्यंत तो यायचा तर त्याला कितीतरी टेबलांवरून जावं लागेल. परळच्या बाजूचा फूटपाथ पालिकेच्या एफ दक्षिण विभागाचा, प्रभादेवीच्या बाजूचा जी दक्षिणचा, फलाट दोन वेगळ्या रेल्वेंचे, नवा पूल एमएमआरडीएचा.

मोठी कामं त्यांच्या गतीने होतील. पण परळमध्ये फिरताना बिनखर्चाची कामंही जागोजाग दिसतात. कठडा शेवटच्या पायरीच्या पुढे न्यायला वेल्डरचा एक दिवस लागतो. बसथांब्यासमोर दोन बसगाड्यांची लांबी रंगवून तिथे उभ्या गाडीला रोज दंड लावायचा, तर लागते ती इच्छा. दादरला 2023 च्या डिसेंबरपासून दोन्ही रेल्वेंच्या फलाटांना सलग क्रमांक दिले गेले. मध्य रेल्वेचा पहिला फलाट आठ नंबरचा झाला आणि ‘कुठला एक नंबर?’ हा वर्षानुवर्षांचा घोळ मिटला. काम तेवढंच, पाट्या बदलायचं.

असाच एक तक्ता परळ-प्रभादेवीला हवा आहे. कल्याणहून, विरारहून निघताना कुठल्या डब्यात बसलं तर उतरल्यावर लिफ्ट समोर येते, हे रोजच्या प्रवाशाला अंगवळणी पडलेलं असतं. फाइलची पिशवी घेऊन पहिल्यांदा आलेल्याला ते सांगायला कुणी नसतं. तो उतरतो, समोर दिसेल तो जिना धरतो. डब्याचा नंबर, लिफ्टची दिशा, टाटा आणि केईएमकडचा बाण, दिव्यांगांच्या डब्यात रुग्ण बसू शकतो ही एक ओळ, मराठीत, हिंदीत आणि बंगालीत. हा तक्ता निघतानाच्या स्टेशनावर लावला तरच उपयोगाचा. म्हणजे कल्याणला मध्य रेल्वेने लावायचा आणि विरारला पश्चिम रेल्वेने, आणि दोन्हीकडे बाण एकाच दवाखान्याकडे जायला हवा.